कोठाराची किल्ली

दामाजीपंतांची गोष्ट ज्या घरात पोहोचली नाही असे मराठी घर विरळाच. मंगळवेढ्याचा हा बहामनी अंमलदार. दुष्काळ पडला, माणसे वाड्याच्या दाराशी येऊन कोसळू लागली, तेव्हा बिदरच्या हुकुमाची वाट न पाहता याने सरकारी अंबारखाना उघडला आणि रयतेकडून धान्य लुटवले. 'लुटवले' हा कीर्तनकारांचा लाडका शब्द. पुढे बादशहाने त्याला धरून आणावयास स्वार धाडले. इकडे पंढरीचा राणा खांद्यावर घोंगडी आणि हातात काठी घेऊन, विठू महाराच्या रूपाने बिदरच्या दरबारात उभा राहिला, धान्याचे पैसे मोजले आणि रीतसर पावती घेऊन आला. हा प्रसंग आला की आमच्या गावच्या मारुतीच्या पारावर बसलेल्या बाया पदर डोळ्यांना लावीत. मीही लहानपणी लावला आहे, सदऱ्याची बाही.

पण इतिहासाची थोडीफार गोडी लागल्यावर या गोष्टीकडे मी जरा निराळ्या नजरेने पाहू लागलो. गोष्टीतले धान्य आहे बादशहाचे. ते भुकेल्याला देणे हा आहे अपराध. आणि प्रत्यक्ष पांडुरंगालाही तो अपराध पैसे भरून, पावती घेऊनच मिटवावा लागला. 'हे धान्य ज्यांनी पिकवले त्यांचेच आहे,' असे दरबारात देवसुद्धा बोलला नाही! कोठाराची किल्ली एका सहृदय माणसाच्या कनवटीला होती म्हणून मंगळवेढे वाचले. ती एखाद्या कठोर माणसाकडे असती तर? किंवा आमच्या आजीच्या शब्दांत सांगायचे तर, "दामाजी काय दर तालुक्याला असतो व्हय?"

आजीच्या या प्रश्नाला उत्तर शोधण्यात महाराष्ट्राची गेली दीडशे वर्षे गेली आहेत. या दिवाळीला, फराळाची ताटे भरलेली असताना, त्या शोधाची हकिगत सांगावी असे मनात आले. वाचकांनी याला अशुभ मानू नये. लक्ष्मीपूजनाला आपण लाह्या-बत्तासे ठेवतो ते तरी धान्याचेच पूजन नाही का?

मी बीड जिल्ह्यातला, पाटोद्याकडचा. बालाघाटाच्या डोंगररांगेने आमच्या जिल्ह्याचे दोन भाग केले आहेत. उत्तरेला गोदाकाठची गेवराई-माजलगावची काळी, आणि वर घाटमाथ्यावर आष्टी, पाटोदा, शिरूरची हलकी, मुरमाड जमीन. मांजरेसारखी नदी आमच्याच डोंगरात उगम पावते, पण तिचे पाणी आम्हांला सोडून पुढे निघून जाते. पावसाचे ढगही तसेच. सह्याद्रीवर सगळे देऊन झाल्यावर रिकाम्या हातांनी आमच्याकडे येतात. त्यामुळे दुष्काळ हा आमच्याकडे परका पाहुणा नाही. पंचांगातल्या अधिक मासासारखा तो ठरावीक वर्षांनी यायचाच, असे जुनी माणसे धरून चालत.

दुष्काळात सरकारने काय केले पाहिजे, हे लिहून ठेवण्याची कल्पना मात्र फार जुनी नाही. १८७६ ते ७८ या काळात दख्खनमध्ये जो भयंकर दुष्काळ पडला त्यातून ती निघाली. त्या वेळी हिंदुस्थान सरकारने सर रिचर्ड टेंपल या अधिकाऱ्याला पाहणीस पाठविले. खर्च कमी करावयाचा हे त्याच्या डोक्यात पक्के. दुष्काळी कामावरच्या मजुराला दिवसाला एक पौंड धान्य आणि वर एखादा आणा-अर्धा आणा पुरे, असे त्याने ठरविले. एक पौंड म्हणजे आपला जेमतेम अर्धा शेर. दिवसभर खडी फोडणाऱ्या माणसाने अर्ध्या शेरावर जगावे! मुंबई इलाख्यातल्या मजुरांनी याला जे उत्तर दिले ते आपल्या शाळेच्या पुस्तकात का नसते हे मला कधी कळले नाही. १८७७ च्या आरंभी हजारो मजूर या मजुरीवर काम करावयाचे नाही म्हणून कामे सोडून घरी निघून गेले. उपाशी माणसाने संप करावा, हे वाचताना आजही अंगावर काटा येतो. ज्याच्या घरात उद्याची भाकरी नाही त्याने आजची अर्धी भाकर नाकारली, कारण त्याच्या मते ती त्याच्या घामाची पुरी किंमत नव्हती.

या मजुरांची बाजू मांडावयास पुण्याची सार्वजनिक सभा पुढे आली. १८७० साली स्थापन झालेली ही सभा आणि तिचे प्राण म्हणजे गणेश वासुदेव जोशी, लोकांचे 'सार्वजनिक काका'. खेड्याखेड्यांतून माहिती गोळा करावी, ती व्यवस्थित लिहून सरकारला धाडावी, पुन्हा धाडावी, उत्तर येईपर्यंत धाडीत राहावे, ही त्यांची पद्धत. वरवर पाहता हे कारकुनी काम. पण कोणत्या गावात किती माणसे कामावर आहेत, त्यांना काय मिळते आणि त्यात काय येते, हे सरकारखेरीज दुसऱ्या कोणी मोजून ठेवण्याची ही बहुधा आपल्याकडची पहिलीच वेळ असावी. त्याच सुमारास जोतीराव आणि सावित्रीबाई फुले व सत्यशोधक समाजाची मंडळी अन्नछत्रे चालवीत होती. १८७७ च्या एप्रिलमध्ये सावित्रीबाईंनी जुन्नरकडच्या ओतूरहून जोतीरावांना लिहिलेले दुष्काळाचे पत्र प्रसिद्ध आहे. एकीकडे अन्न शिजवून वाढणारे हात आणि दुसरीकडे आकडे लिहिणारे हात. मला दोन्हींबद्दल आदर आहे. पण आज जी हकिगत सांगावयाची ती मुख्यतः दुसऱ्या हातांची.

दुष्काळ सरल्यावर सरकारने कमिशन नेमले. १८८० साली त्याचा अहवाल आला, १८८३ साली 'फॅमिन कोड'चा, म्हणजे दुष्काळी नियमावलीचा, नमुना तयार झाला आणि त्यावरून प्रत्येक प्रांताने आपापली नियमावली बेतली. दुष्काळाची चिन्हे कोणती, ती दिसताच कलेक्टराने काय करावे, कामे केव्हा काढावीत, अपंग-वृद्धांना कामाविना मदत कशी द्यावी, हे सारे त्यात आले. त्यात एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. वाचकांनी ती ध्यानात ठेवावी, पुढे तिचे काम पडेल. मजुरी नुसती पैशांत बांधलेली नव्हती. ती धान्याच्या वजनाशी बांधलेली होती. बाजारात ज्वारी महागली की मजुरीचे पैसे वाढावयाचे, कारण हिशेब पोटाचा होता.

हे कोड दयाबुद्धीने लिहिले होते असे कोणी समजू नये. माणसे मरू नयेत, पण खर्चही होऊ नये, अशी ती कंजूष सावकाराची करुणा होती. तरीही ते कागदावर होते, आणि कागदावर असलेली गोष्ट कोणी वाचून दाखवील तर तिचे काय होते, हे पुढे १८९६ साली दिसले.

त्या वर्षी पुन्हा पाऊस गेला. सार्वजनिक सभेची सूत्रे तोवर लोकमान्य टिळकांच्या हाती आली होती. टिळकांनी कायदा शिकलेला होता आणि 'केसरी' हाताशी होता. त्यांनी काय केले? नवी मागणी केली नाही, दयेचा अर्ज केला नाही. सरकारनेच छापलेले कोड त्यांनी मराठीत लोकांपुढे मांडले. सभेचे प्रतिनिधी गावोगाव हिंडू लागले, चावडीवर बसून लोकांना सांगू लागले, की पीक बुडाले असेल तर साऱ्याची तहकुबी वा सूट मागण्याची तरतूद सरकारच्याच नियमांत आहे. काम मागण्याची आहे. म्हातारे-पांगळे असतील त्यांना मदत देण्याची आहे. भीक मागू नका, नियम दाखवा.

सरकारला याचा जितका संताप आला तितका एखाद्या बंडाचाही आला नसता. आपलेच पुस्तक आपल्याच रयतेने वाचावे हा कसला गुन्हा? पण सरकारच्या दृष्टीने तो होताच. नियम होता तो अधिकाऱ्यांनी पाळावयाचा, लोकांनी बोट ठेवून दाखवावयाचा नव्हे. सभेच्या काही प्रतिनिधींवर खटले भरले गेले, आणि १८९७ साली सरकारने 'या सभेचे कोणतेही निवेदन यापुढे विचारात घेतले जाणार नाही' अशा अर्थाचा निर्णय करून तिच्याशी व्यवहार तोडला. त्याच वर्षी पुण्यात प्लेग, रँडचा खून, टिळकांवर राजद्रोहाचा खटला असे एकामागून एक इतके घडले, की कोड वाचून दाखविण्याची ती मोहीम इतिहासात मागे पडली. माझ्या मते त्या वर्षातली सर्वांत दूरवर गेलेली गोष्ट तीच. दामाजीच्या गोष्टीत किल्ली अंमलदाराकडे होती. इथे प्रथमच रयतेला सांगण्यात आले की कुलपाची दुसरी किल्ली तुमच्याकडेही आहे, तिचे नाव कलम अमुक, पान तमुक.

आता मी माझ्या गावाकडे वळतो. वरची सगळी हकिगत घडत होती ती इंग्रजी हद्दीत. जामखेड तालुका इंग्रजीत, नगर जिल्ह्यात. आणि त्याला लागून असलेले आमचे पाटोदा, आष्टी मोगलाईत, म्हणजे निजामाच्या हैदराबाद संस्थानात. मधे कुठे नदी नाही की डोंगर नाही. कित्येक ठिकाणी दोन शेतांमधला बांध तीच दोन राज्यांची सरहद्द. भाषा एक, बाजार एक, सोयरिकी एकमेकांत; पण मुंबई इलाख्याचे कोड बांधाच्या अलीकडे लागू नव्हते. जामखेडच्या चावडीवर कोणी ते वाचले असेल तर आमच्याकडच्या पाहुण्याने ते ऐकावे आणि उठून घरी यावे, इतकाच त्याचा संबंध. संस्थानाने दुष्काळात काहीच केले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. कामे तिकडेही निघत. परंतु रयतेने नियमावर बोट ठेवावे असे पुस्तक नव्हते आणि ते वाचून दाखवणारी सभाही नव्हती. १८९९-१९०० चा दुष्काळ बीड आणि औरंगाबादेच्या बाजूला अतिशय कडक गेला, आणि १९०१ च्या शिरगणतीत आमच्या जिल्ह्याची लोकसंख्या दहा वर्षांपूर्वीच्या मानाने कितीतरी खाली गेलेली निघाली. काही माणसे मेली, काही देशोधडीला लागली. गावात ज्यांच्या घराच्या नुसत्या पांढऱ्या उरल्या आहेत त्यांतल्या काही त्या सालच्या असे आजी सांगे.

१९४८ च्या सप्टेंबरात निजामी संपली. १९५६ साली आम्ही मुंबई राज्यात आलो, १९६० साली महाराष्ट्रात. सरहद्दीचा बांध पुन्हा नुसता बांध झाला. मधल्या काळात महायुद्धाच्या धामधुमीत शहरांत रेशनिंग सुरू झाले (मुंबईत १९४३ पासून), संस्थानात लेव्हीचे धान्य घालावे लागे, आणि शिधापत्रिका नावाची वस्तू मराठी संसारात आली ती कायमचीच. त्या कार्डाचा इतिहास हा एका स्वतंत्र लेखाचा विषय आहे. असो.

१९७२ चा दुष्काळ मी पाहिला आहे. तेव्हा मी नऊ-दहा वर्षांचा होतो. विहिरींचे तळ उघडे पडले होते, आणि त्यात उतरून वाटीने पाणी भरणारी माणसे वरून मुंग्यांसारखी दिसत. आमची आई आणि चुलती खडीकेंद्रावर जात. मीही त्यांच्यामागे जात असे, कारण तिथे मुलांना सुकडी मिळे. सुकडी म्हणजे गोडसर, कोरडा, घशाला चिकटणारा खाऊ. पण तेव्हा तिची गोडी दिवाळीच्या लाडवाला नव्हती. रेशनवर अमेरिकेहून आलेला तांबडा मिलो मिळे. त्याची भाकरी थापताना तुटे, तव्यावर टाकताना तुटे आणि ताटात पडेपर्यंत तिचा चुरा झालेला असे. आई म्हणे, "ही भाकर बी दुष्काळातलीच हाय, तिच्यात बी जीव न्हाई." तरी ती आम्ही खाल्ली, आणि जगलो. १९७३ च्या उन्हाळ्यात राज्यातल्या दुष्काळी कामांवर पन्नास लाखांच्या आसपास माणसे होती. एवढ्या मोठ्या प्रमाणावर काम मागणारी आणि काम मिळालेली माणसे आपल्या इतिहासात त्यापूर्वी कधी झाली नसावीत.

पण मला बोलावयाचे आहे ते त्यानंतरचे. दुष्काळ सरला की सरकारी कामे बंद होतात आणि सरकारी आठवणही बंद होते, असा आजवरचा शिरस्ता. या वेळी तसे झाले नाही, याचे श्रेय पुष्कळांचे आहे. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे हे गांधीमार्गी गृहस्थ. त्यांनी सांगली जिल्ह्यात, तासगाव तालुक्यात, साठीच्या दशकातच 'मागेल त्याला काम' या कल्पनेचा प्रयोग चालविला होता. त्यातून रोजगार हमी योजना आली. शहरातल्या पगारदारांवर १९७५ साली व्यवसाय कर बसला आणि त्या पैशांतून खेड्यातल्या कामाची तरतूद होऊ लागली. पुण्या-मुंबईच्या ज्या वाचकांच्या पगारातून तो कर कापला गेला आहे त्यांनी हे जाणून घ्यावे, की आमच्याकडचे कितीतरी पाझर तलाव आणि नालाबांध त्यांच्याही पैशांचे आहेत.

तरी योजना ही योजनाच; सरकारने सुरू करावी, सरकारने थांबवावी. तिचा कायदा व्हावा म्हणून ज्यांनी रेटा लावला त्यांत लाल निशाण आणि शेतकरी कामगार पक्षासारखे डावे पक्ष होते, शहाद्याकडची श्रमिक संघटना होती, शेतमजुरांचे लहानमोठे गट होते. याच काळात मुंबईत मृणाल गोरे आणि अहिल्या रांगणेकर यांच्या पुढारपणाखाली बायका हातात लाटणी घेऊन महागाईविरुद्ध रस्त्यावर उतरल्या होत्या. खडी फोडणारी आमची आई आणि लाटणे घेतलेली गिरगावातली गृहिणी यांची कधी गाठ पडली नाही, पण दोघींचे भांडण एकच होते. १९७७ साली विधिमंडळाने रोजगार हमीचा कायदा केला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. काम मागितल्यावर पंधरा दिवसांत ते दिले पाहिजे, न दिल्यास बेकारी भत्ता दिला पाहिजे. भत्ता होता दिवसाला एक रुपया! रक्कम हसण्यासारखी; पण सरकार चुकले तर सरकारनेच दंड भरावा, हे तत्त्व हसण्यासारखे नव्हते. पुढे २००५ साली केंद्राने देशभरासाठी तसा कायदा केला तेव्हा महाराष्ट्राचाच अनुभव पुढे ठेवला गेला.

म्हणजे कामाचे झाले. अन्नाचे काय? म्हातारी माणसे, लहान मुले, बाळंतिणी यांनी कोणती खडी फोडावी?

२००१ साल उजाडले तेव्हा देशात मोठी विचित्र अवस्था होती. सरकारी गोदामांत सुमारे सहा कोटी टन धान्य पडून होते, ठेवावयास जागा नव्हती, पोती पावसात कुजत होती. आणि राजस्थानात दुष्काळाने माणसे अर्धपोटी होती. दामाजीचे कोठार पुन्हा गच्च भरलेले, पण या वेळी दामाजी कोणीच नाही. तेव्हा पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज या संस्थेच्या राजस्थानातल्या कार्यकर्त्यांनी सर्वोच्च न्यायालयात अर्ज केला. घटनेने जगण्याचा हक्क दिला आहे. मग अन्नावाचून जगावयाचे कसे, असा साधा प्रश्न. त्या वर्षीच्या २८ नोव्हेंबरला न्यायालयाने हंगामी हुकूम दिला, की शाळेतले जेवण, अंगणवाडीतला आहार, अंत्योदयाचे धान्य, म्हाताऱ्यांचे निवृत्तिवेतन अशा आठ योजना यापुढे सरकारच्या मर्जीच्या नाहीत, लोकांच्या हक्काच्या आहेत. आपल्या नातवंडांना शाळेत मिळणारी गरम खिचडी या हुकुमाची ऋणी आहे. आधी कित्येक ठिकाणी कोरडे तांदूळ पिशवीत घालून घरी धाडीत.

बारा वर्षांनी, २०१३ साली, राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायदा झाला. खेड्यातल्या पाऊण आणि शहरातल्या निम्म्या लोकसंख्येपर्यंत माणशी पाच किलो धान्य. अंत्योदय कुटुंबाला पस्तीस किलो. दर तेव्हा तांदळाला तीन, गव्हाला दोन आणि भरड धान्याला एक रुपया, २०२३ पासून तर मोफतच. कार्डावर कुटुंबप्रमुख म्हणून घरातल्या ज्येष्ठ स्त्रीचे नाव. आमच्या आईचे नाव आयुष्यात प्रथम एखाद्या सरकारी कागदाच्या पहिल्या ओळीवर आले असेल तर ते या कार्डावर. महाराष्ट्रात हा कायदा १ फेब्रुवारी २०१४ पासून अमलात आला.

मात्र १८८३ च्या कोडात आणि या कायद्यात एक साम्य आहे. दिल्लीने सांगाडा दिला, त्यावर मांस चढवावयाचे काम राज्यांचे. कोणाचे नाव यादीत बसवावयाचे, तक्रार कोणी ऐकावयाची, राज्याचा अन्न आयोग कधी नेमावयाचा, दुकानाच्या हिशेबाची लोकांसमोर तपासणी कशी करावयाची, हे सारे राज्याच्या नियमांवर सोपविलेले. आणि नियम करण्यातली दिरंगाई ही आपली फार जुनी कला आहे. इथे पुन्हा सार्वजनिक काकांचे वंशज कामाला आले. अन्न अधिकार अभियानासारख्या आघाड्यांनी मोर्चे काढले, जनसुनावण्या घेतल्या, निवेदने धाडली, पुन्हा धाडली. आमच्या जिल्ह्यात अंबाजोगाईला डॉ. द्वारकादास लोहिया यांनी १९८२ साली मानवलोक ही संस्था उभी केली होती; दुष्काळ, शेतकरी आणि बायकांचे प्रश्न घेऊन सतत गावात राहणारी माणसे अशा संस्थांनी तयार केली, म्हणून नियमाचा कागद गावापर्यंत पोहोचण्याची काही सोय झाली.

२०१५-१६ चा दुष्काळ आला. शेजारच्या लातूरला मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले, ते चित्र वाचकांच्या डोळ्यांपुढे असेल. त्या वेळी स्वराज अभियान या संघटनेने सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली. ज्या राज्यांविषयी ती होती त्यांत महाराष्ट्रही होता. २०१६ च्या मे महिन्यात न्यायालयाने सांगितले, की दुष्काळी भागात केवळ शिधापत्रिका नाही म्हणून कोणाला धान्य नाकारू नये. शाळेतले जेवण उन्हाळ्याच्या सुटीतही चालू ठेवावे. मुलांना आठवड्यातून निदान तीन दिवस अंडे वा दूध द्यावे. आणि कायदा होऊन तीन वर्षे लोटली, तेव्हा राज्यांनी आता अन्न आयोग व तक्रार निवारणाची व्यवस्था उभी करावी. निकालपत्र वाचताना मला वाटले, टिळकांच्या सभेचे प्रतिनिधी चावडीवर जे सांगत होते तेच हे, फक्त आता न्यायमूर्तींच्या तोंडून.

आता जरा त्या ध्यानात ठेवावयास सांगितलेल्या गोष्टीकडे. आमच्या जिल्ह्यात केशरी कार्डाचे पुष्कळ शेतकरी आहेत. दारिद्र्यरेषेच्या वर, पण फार वर नाहीत. मराठवाड्याचे आठ जिल्हे, अमरावती विभागाचे पाच आणि वर्धा अशा चौदा जिल्ह्यांत शेतकऱ्यांच्या आत्महत्या फार, म्हणून राज्य सरकारने २०१५ पासून या शेतकऱ्यांनाही माणशी पाच किलो धान्य स्वस्तात द्यावयास आरंभ केला. चांगली गोष्ट. पण २०२३ पासून धान्याऐवजी बँकेत रोख रक्कम जमा होऊ लागली. माणशी दरमहा दीडशे रुपये, पुढे एकशे सत्तर. रोखीचे समर्थक म्हणतात, माणसाला हवे ते धान्य घेता येते. खरे आहे, आम्ही भाकरी खाणारी माणसे, आम्हांला गहू-तांदळापेक्षा ज्वारी प्यारी. परंतु दीडशेला पाच किलो म्हणजे किलोला तीस रुपये. ज्या वर्षी पाऊस जाईल, ज्वारी कडाडेल, त्या वर्षी एकशे सत्तरात पाच किलो येतील काय? धान्य दिले असते तर भाव चढो वा उतरो, पाच किलो ते पाच किलो. इंग्रजांच्या त्या कंजूष कोडाने देखील मजुरी धान्याच्या भावाशी बांधली होती, आणि आपण, आपल्याच राज्यात, ती गाठ सोडून दिली. या बाबतीत मी जुन्या मताचा आहे, आणि तसाच राहीन.

दुसरे दुखणे यादीचे. किती माणसांना धान्य द्यावयाचे याचा राज्याचा आकडा, ज्याला कचेरीत 'इष्टांक' म्हणतात, तो २०११ च्या शिरगणतीवर बांधलेला. महाराष्ट्रासाठी सात कोटींच्या आसपास. त्या शिरगणतीत आमच्या जिल्ह्याची लोकसंख्या २५ लाख ८५ हजार होती. त्यानंतर सुना आल्या, पोरे झाली. पण इष्टांक भरला असला की नवे नाव चढत नाही. मग कोणी मरण्याची वाट पाहावी, की काय?

आणि तिसरे, आमचे खास. दसरा-दिवाळीच्या सुमारास आमच्या जिल्ह्यातून लाखांनी माणसे ऊस तोडावयास निघतात. सांगली, कोल्हापूर, साताऱ्याकडे, कर्नाटकात बेळगाव-बागलकोटकडे. मुकादमाची उचल आधीच घेतलेली असते आणि खर्चूनही झालेली असते. नवरा-बायको मिळून एक 'कोयता' धरतात. ज्या बाईचे नाव कार्डाच्या पहिल्या ओळीवर, तीच पाच-सहा महिने गावात नसते. मागे राहतात म्हातारे सासू-सासरे आणि कधी शाळेतली पोरे. पूर्वी दुकानदार सरळ सांगे, कार्डवाली बाई नाही तर धान्य नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये महाराष्ट्र आणि गुजरात यांच्यात, आणि दुसरीकडे आंध्र व तेलंगण यांच्यात, एकाचे कार्ड दुसऱ्याकडे चालविण्याचा आरंभ झाला. करोनाच्या काळात मजुरांचे जे हाल झाले त्यावरून सामाजिक कार्यकर्ते पुन्हा न्यायालयात गेले, आणि २०२१ च्या जूनमध्ये सर्वोच्च न्यायालयाने सर्व राज्यांना ही सोय ३१ जुलैपर्यंत लागू करा म्हणून बजावले. आता कायद्याने आमच्या तोडणीवालीला बेळगावच्या दुकानातही तिचा वाटा मिळाला पाहिजे आणि तिच्या सासूला गावातही आपला.

मिळतो का? मागल्या वर्षी दिवाळीनंतर आमच्या भागातल्या एका वस्तीवर मी गेलो होतो. दुसऱ्या दिवशी टोळी निघावयाची होती. एक कार्यकर्ती मुलगी, याच वस्तीतली, बारावी शिकलेली, देवळासमोर दिव्याखाली बसून नियम वाचून दाखवीत होती. एका म्हातारीने विचारले, "हे तू सांगतीस का सरकार सांगतंय?" मुलीने कागद तिच्यापुढे धरला. म्हातारीला वाचता येत नव्हते, तरी तिने तो हातात घेतला, उलटा-सुलटा करून पाहिला आणि म्हणाली, "मग याची एक नक्कल मला दे. दुकानदार न्हाई म्हनला तर त्याला दावते."

एका बाईने सांगितले, की गेल्या हंगामात फडापासून दुकान सात-आठ किलोमीटर होते. जाऊन आली तर दिवसाची तोड बुडे. दुसरीच्या अंगठ्याचे ठसे उसाच्या पाचटाने झिजलेले, यंत्र तिला ओळखीना. तिसरीला कानडी दुकानदाराचे बोलणे कळले नव्हते आणि तिचे त्याला. मुलगी हे सगळे एका वहीत उतरवून घेत होती, प्रत्येक घराच्या कार्डाचा बारा आकडी क्रमांक, कोणत्या कारखान्याला जाणार, मुकादमाचा फोन, घरी कोण राहणार. तिकडे धान्य नाकारले तर फोनवर सांगायचे, ती इकडून तक्रार लिहिणार होती. मी पण जवळचे पेन काढले आणि वहीच्या दुसऱ्या टोकाकडून नावे लिहावयास बसलो. रात्री अकराच्या सुमारास ट्रकची हाक आली. बैलगाड्यांच्या जुंपण्या, भांड्यांची पोती, कोंबड्यांच्या डालग्या वर चढू लागल्या, तरी अजून चार-सहा घरांचे क्रमांक राहिले होते. त्यांतल्या एका बाईने चढता चढता कनवटीचे कार्ड काढून मुलीच्या हातात दिले, आणि ट्रकच्या फाळक्यावर एक पाय ठेवून, क्रमांक उतरवून होईपर्यंत ड्रायव्हरला थांबवून धरले.